नव्या बॅटरी पॅकला पहिल्यांदा सावकाश चार्ज का करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीसाठी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा नवा पॅक आणला, फास्ट चार्जरला लावला, अर्ध्या तासात ‘फुल’ दिसलं आणि गाडी पाच मिनिटांत बसली. पॅक खराब निघाला का? बहुतेक वेळा नाही. पहिलं चार्जिंग घाईत झालंय.

सेल गोदामात महिनोन्महिने पडून असतात. तेवढ्यात ते आपोआप उतरतात, पण सगळे सारखे उतरत नाहीत. ७.२ व्होल्टच्या पॅकमध्ये असे सहा सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात आणि करंट सगळ्यांतून एकच वाहतो. त्यामुळे कमी उतरलेला सेल आधी भरतो, बाकीचे मागे राहतात. सेल भरला की व्होल्टेज वर चढून किंचित खाली येतं, सेलमागे जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्ट. फास्ट चार्जर हीच घसरण शोधत असतो. नव्या, पडून राहिलेल्या सेलमध्ये ती भलत्याच वेळी दिसते आणि चार्जर थांबतो.

म्हणून क्षमतेच्या एक दशांश करंट द्या. ३००० एमएएच (मिलीअँप-तास, म्हणजे पॅकची क्षमता) असलेल्या पॅकला ३०० मिलीअँप, १४ ते १६ तास. हिशेबाने दहाच तास व्हायला हवेत, पण दिलेली सगळी वीज साठत नाही. शिवाय भरलेल्या सेलमध्ये ऑक्सिजन तयार होतो. करंट एवढा कमी असला की सेल तो आतल्या आत जिरवतो, फक्त थोडा कोमट होतो. तेवढ्या वेळात मागे राहिलेले सेल त्याला गाठतात. सावकाश चार्जिंगचं सगळं मर्म यात आहे. हेच जास्त करंटवर केलं तर गॅस जिरत नाही, दाब वाढतो आणि सेलचा व्हेंट (दाब सोडणारी झडप) उघडतो.

साध्या अॅडॅप्टरने करणार असाल तर त्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून खरा करंट मोजा. क्षमतेची दीडपट करून त्याला त्या करंटने भागा, तेवढे तास. डिजिटल चार्जर असेल तर सेफ्टी टायमर तपासा. तो बरेचदा दोन-तीन तासांवर असतो आणि पॅक अर्धवट राहतो. एवढ्या कमी करंटवर ती घसरण नीट दिसतही नाही, तेव्हा घड्याळ लावूनच बंद करायचं. संध्याकाळी सहाला लावलात तर सकाळी नऊला काढा. मध्ये वीज गेली तर तेवढा वेळ पुढे मोजा. पॅक फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली अजिबात नको. हातात धरवत नाही इतका तापला तर लगेच काढा.

मग तासभर विसावा, आणि ६०० मिलीअँपने ६ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, म्हणजे पॅक उतरवायचा. असं तीनदा करा. मिळणारे एमएएच दर फेरीला वाढले पाहिजेत. विसाव्यानंतर पॅकचं व्होल्टेज ८.१ ते ८.४ च्या आसपास हवं. ते सात व्होल्टच्या जवळ अडकलं तर एक सेल शॉर्ट असणार, पॅक परत करा. सगळं ठीक असेल तर यापुढे फास्ट चार्जर खुशाल वापरा. पॅक दोन-तीन महिने पडून राहिला की मात्र पुन्हा एकदा सावकाश.

लायपोला (लिथियम-पॉलिमर बॅटरीला) यातलं काहीही लावू नका. तिथे बॅलन्स लीड (प्रत्येक सेल चार्जरला वेगळा जोडणारी वायर) जोडायची आणि सेलमागे ४.२० व्होल्टला थांबायचं. जास्तीची वीज जिरवायची सोय त्या सेलमध्ये नसते. तो फुगतो आणि पेटतो.