सोज़े वतन : एक हजार छापली, सातशे जाळली

प्रेमचंद म्हटलं की आपल्याला हिंदी आठवतं, पण त्यांची सुरुवात उर्दूतली, आणि तीही नवाब राय या नावाने. 1908 मध्ये कानपूरच्या ज़माना प्रेसमधून त्यांचा 'सोज़े वतन' निघाला, पाच छोट्या कथा, नावाचा अर्थ साधारण देशासाठी जीव जळणं असा. त्याच वर्षी इकडे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते लक्षात ठेवून वाचलं की त्या पुस्तकाला किती धग होती ते कळतं.

पहिली कथा मला फार आवडते. रूपडं पक्कं जुन्या दास्तानचं, म्हणजे उर्दूतल्या लांबलचक अद्भुत गोष्टींचं, दिलफ़िगार नावाचा प्रेमी आणि दिलफ़रेब नावाची राणी, तिला जगातली सगळ्यात मोलाची वस्तू हवी. तो आधी फाशी जाणाऱ्या माणसाचा अश्रू आणतो, मग सती गेलेल्या बाईची राख, दोन्ही वेळा राणी म्हणते नाही, याहून मोलाचं काहीतरी आण. शेवटी रणांगणावर मरणाऱ्या जखमी सैनिकाच्या रक्ताचा थेंब आणतो, देशासाठी सांडलेला शेवटचा थेंब, आणि तो पसंत पडतो. दास्तानमधली राणी आजवर हिरे मोती मागायची हो, इथे त्या जागी देश आलाय, आणि लेखकाने हे भाषण न ठोकता वाचकाच्या ओळखीच्या गोष्टीतूनच केलंय! दुसऱ्या एका कथेत तर चक्क इटलीचा देशभक्त मॅझिनी आहे.

प्रेमचंद तेव्हा हमीरपूर जिल्ह्यात शाळा तपासनीस, म्हणजे सरकारचेच नोकर. कलेक्टरचं बोलावणं आलं तेव्हा रात्रीच बैलगाडी जुंपून निघाले असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. साहेबाने एकेका कथेचा अर्थ विचारला आणि म्हणाला यात राजद्रोह भरलाय, मुघलांचं राज्य असतं तर तुझे दोन्ही हात तोडले असते. एक हजार प्रती छापल्या होत्या, जेमतेम तीनशे खपलेल्या, उरलेल्या सातशे द्याव्या लागल्या आणि त्या जाळल्या गेल्या.

मला राहून राहून आधीच्या पिढीतले उर्दू कादंबरीकार नज़ीर अहमद आठवतात. त्यांच्या 1869 च्या 'मिरातुल उरूस'ला याच इंग्रज सरकारने हजार रुपयांचं बक्षीस दिलं होतं, मुलींना वळण लावणारी कादंबरी म्हणून. पण त्यांना सरकारी लेखक म्हणून बाजूला सारू नका, 1888 चा 'इब्नुल वक़्त' वाचा. 1857 मध्ये एका इंग्रजाचा जीव वाचवणारा माणूस साहेबी थाटात राहायला लागतो, पण तो साहेब विलायतेला गेल्यावर नव्या साहेबाला त्याची ही बरोबरी खुपते. कितीही कोट टाय घाला, तुम्ही आमच्यातले होणार नाही, हा अपमान तिथे आधीच लिहिलेला आहे, फक्त देश हा शब्द अजून आलेला नाही.

या प्रकरणानंतर नवाब राय या नावाने लिहिणं प्रेमचंदांना अवघड झालं, तेव्हा ज़माना या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवं नाव सुचवलं आणि 1910 मध्ये 'बड़े घर की बेटी' या कथेवर पहिल्यांदा प्रेमचंद छापलं गेलं. आपण ज्या नावाने त्यांना ओळखतो ते त्या जळालेल्या सातशे प्रतींमुळे आलंय.