गुडघे दुखणाऱ्या आईसोबत डिंगमन्स फॉल्स

आई साताऱ्याची. पाऊस लागला की रविवारी ठोसेघर, हे तिच्या घरचं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक. पण गेली दोन वर्षं ठोसेघरला गेलो की ती गाडीतच बसून राहते. "तुम्ही या जाऊन, मी आहे इथं." उतरायच्या पायऱ्या दिसल्या की तिचे गुडघे आधीच बोलायला लागतात. यंदा ती आणि बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की तिला असा धबधबा दाखवायचा जिथं तिला गाडीत बसावं लागणार नाही. शोधता शोधता पेनसिल्वेनियातला डिंगमन्स फॉल्स सापडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो. ज्यांचे आईवडील इकडे आले आहेत किंवा यायचे आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

एडिसनहून दीड-पावणेदोन तास लागतात. आम्ही २८७ नंबरच्या महामार्गावरून ८० ला लागलो, पुढे १५ आणि २०६ घेऊन ५६० ने थेट डेलावेअर नदीवर आलो. नदी ओलांडली की पेनसिल्वेनिया. ओलांडायचा पूल खासगी मालकीचा आहे. १९०० साली बांधलेला, लोखंडी सांगाड्याचा, खाली लाकडी फळ्या. गाडी जाताना खडखड आवाज येतो. टोल घ्यायला एक माणूस रस्त्यातच उभा असतो आणि हातोहात पैसे घेतो. ई-झेडपास (इकडचा फास्टॅग) चालत नाही, त्यामुळे सुटे डॉलर हाताशी ठेवा. पुलाची मालकी असलेल्या कंपनीच्या १८३४ च्या सनदेत चर्चला, शाळेत किंवा अंत्ययात्रेला जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही असं कलम आहे. बाबांना ते फारच आवडलं.

पूल ओलांडल्यावर २०९ नंबरचा रस्ता लागतो. तिथून डावीकडे, म्हणजे दक्षिणेला वळलं की थोड्याच अंतरावर उजवीकडे जॉनी बी रोड आहे, तो संपतो तिथंच गाडीतळ. मोबाइलची रेंज या भागात येते-जाते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्या. निघण्याच्या दिवशी सकाळी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर रस्ता आणि वाट उघडी आहे ना, तेही बघा. २०१८ च्या मार्चमधल्या वादळांनी या भागात इतकी झाडं पाडली होती की बऱ्याच वाटा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि हिवाळ्यात धबधब्याकडचा हा रस्ता गाड्यांसाठी बंदच असतो. प्रवेशाला तिकीट नाही. गाडीतळ लहान आहे, शनिवार-रविवारी लवकर भरतो. आम्ही बुधवारी साडेनऊला पोचलो तेव्हा चारच गाड्या होत्या. स्वच्छतागृह इथंच आहे, पुढे नाही. ज्येष्ठांना आधी तिकडे नेऊन आणा.

आता वाटेबद्दल. जमिनीपासून थोडी उचललेली, लाकडी फळ्यांची सलग वाट, दोन्ही बाजूंना कठडा. एका बाजूने अंतर ०.४ मैल, म्हणजे साधारण साडेसहाशे मीटर. व्हीलचेअर आणि बाळाची ढकलगाडी आरामात जाते. चढ इतका हलका की जाणवतच नाही. आईने सुरुवातीला माझा हात धरला होता. पहिल्या वळणानंतर बघते तर हात कधीच सुटला होता आणि ती पुढे चालली होती.

पहिला धबधबा दोन-तीन मिनिटांतच येतो. सिल्व्हरथ्रेड, ८० फूट. नाव अगदी शोभतं. दोन उभ्या कातळांच्या मधल्या फटीतून पाण्याची एकच सरळ बारीक धार उतरते, जणू ओळंबा सोडला आहे. बरेच जण मोठ्याच्या ओढीने इथं न थांबता पुढे जातात. तसं करू नका. कातळातल्या उभ्या भेगा नीट बघा, म्हणजे पाण्याने हीच वाट का धरली ते कळतं.

पुढची वाट ओढ्याच्या काठाने, हेमलॉक या सूचीपर्णी झाडांच्या गर्द सावलीतून जाते. बाहेर घाम फुटत होता, आत मात्र आईने ओढणी खांद्यावर घेतली. इतका फरक पडतो. ही सावली असते म्हणून ओढ्याचं पाणी उन्हाळ्यातही गार राहतं आणि त्यात ट्राउट मासे जगतात. पण बऱ्याच ठिकाणी उभी वाळलेली खोडं दिसतात. कारण एक बारीक किडा, हेमलॉक वूली अडेल्जिड, मूळ आशियातला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियात आढळला आणि तिथून पसरत गेला. फांदी उलटी करून पानांच्या बुडाशी कापसाचे कण दिसले की समजायचं, झाड धरलं. मला ते बघून खरंच वाईट वाटलं. शे-दोनशे वर्षांची झाडं कापसाच्या कणाएवढ्या जिवाने जायची, आणि एकदा गेली की ही सावली आपल्या हयातीत परत यायची नाही. म्हणून जमत असेल तर हे लवकर बघून घ्या.

हेमलॉकखाली ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आहेत, आणि आमचं नशीब असं की ती फुलली होती. पांढरट गुलाबी गुच्छ वाटेवर दोन्हीकडून झुकलेले. बहर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असतो. तारीख ठरवायला वाव असेल तर हाच पंधरवडा धरा.

मग आवाज वाढत जातो आणि समोर डिंगमन्स. १३० फूट. वर चिंचोळ्या घळीतून पाणी एकदम सुटतं आणि खाली येता येता कातळाच्या पायऱ्यांवर पसरत जातं. वाट थेट धबधब्याच्या पायथ्याशी, लाकडी सज्जावर संपते. तुषार तोंडावर येतात. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती वर्षांनी गं पाणी अंगावर आलं."

इथून वर जायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर त्या सोडून द्या. खालचं दृश्यच खरं. मी आणि मुलगा वर जाऊन आलो. वरून घळीचं तोंड जवळून दिसतं, पण पूर्ण धबधबा दिसत नाही. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि कातळ शेवाळलेले आहेत, त्यामुळे मुलांना कठड्याबाहेर सोडू नका. ओल्या फळ्याही निसरड्या होतात. आईने साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि चांगली पकड असलेले बूट घातले होते. जंगलात गोचिडी असतात, म्हणून घरी आल्यावर पाय आणि मान तपासायचं विसरू नका.

परत येताना बाबा बाकावर बसले आणि मी त्यांना या खोऱ्याची हकीकत सांगितली. १९५५ च्या महापुरानंतर डेलावेअरवर टॉक्स आयलंडला मोठं धरण बांधायचं ठरलं, १९६२ मध्ये मंजुरी मिळाली. हजारो लोकांची घरं-शेतं घेतली, माणसं हलवली. मग विरोध वाढला, १९७५ मध्ये खोऱ्यातल्या चारपैकी तीन राज्यांनी धरणाविरुद्ध मत दिलं आणि ते झालंच नाही. घेतलेली जमीन डेलावेअर वॉटर गॅप या राखीव प्रदेशात राहिली, आणि हा धबधबाही त्यातच येतो. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. १९६२ म्हटल्याबरोबर म्हणाले, "त्याच साली कोयनेत पाणी अडवलं." आत्याच्या सासरचं गाव तेव्हा पाण्याखाली गेलं. थोडं थांबून म्हणाले, "इथं माणसंही गेली आणि धरणही नाही. त्यांना कुणी परत बोलावलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जवळच रेमंड्सकिल आहे, तीन टप्प्यांचा, पेनसिल्वेनियातला सगळ्यात उंच. पण तिथली वाट तीव्र उताराची आणि खडबडीत आहे. आईवडिलांना घेऊन जाऊ नका, धडधाकट मंडळींनी वेगळा दिवस काढावा. बुशकिल खासगी आहे, तिकीट आहे आणि तिथंही पायऱ्या पुष्कळ. ज्येष्ठांसोबत एकाच दिवसात दोन-तीन धबधबे उरकायचा मोह टाळा.

बाराच्या सुमाराला गाडीपाशी आलो. थालीपीठ, दही, लसणाची चटणी असा डबा नेला होता. आसपास खायला फारसं मिळत नाही, तेव्हा डबा आणि पाणी घरूनच न्या. कचरा सोबत परत आणायचा. जेवण झालं, चटया गुंडाळल्या, मी किल्ली काढली. आई अजून वाटेच्या तोंडाशीच उभी. म्हणाली, "साडेसहाशे मीटरच ना? मी अजून एकदा जाऊन येते. तुम्ही बसा गाडीत."