काजळ, ठिपके आणि एक जुना आकडा

आज अख्खा दिवस लॅबमध्ये आय ट्रॅकर, म्हणजे वाचताना नजर स्क्रीनवर नेमकी कुठे आहे ते टिपणारं मशीन, सेट करण्यात गेला. पायथनमधून कमांड पाठवल्या, सॅम्पलिंग रेट 1000 हर्ट्झ (सेकंदाला 1000 नोंदी), कॅलिब्रेशन 9 ठिपक्यांचं (स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघायचं, म्हणजे मशीनला नजर कुठे ते कळतं), एरर वगैरे काही नाही, आणि तरी उजवीकडचा शब्द वाचला की नजर दाखवणारा मार्कर भलतीकडेच. दोन तास कॅलिब्रेशन परत परत करून डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कुठे लक्षात आलं की ठिपके उजव्या कडेला जातच नाहीयेत! जुन्या स्क्रिप्टमध्ये स्क्रीन 1280 बाय 1024 पिक्सेल लिहिलेली आणि समोर मॉनिटर 1920 बाय 1080 चा, म्हणजे उजवा एक तृतीयांश भाग मशीनने कधी बघितलाच नव्हता. स्क्रिप्ट मीच कॉपी केलेली, बोलणार कोणाला 😅

आकडा बदलला, नजरेची जागा ओळखण्यातली चूक 0.4 अंशावर आली. 57 सेंटिमीटरवरून बघताना 1 अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण 1 सेंटिमीटर, त्यामुळे हे झकासच.

मग प्रयोगासाठी पहिलीच मुलगी आली ती डोळ्यांत छान काजळ घालून. सॉफ्टवेअर काळा भाग शोधतं ना, ते बाहुली सोडून काजळालाच चिकटलं. थ्रेशोल्ड (किती गडद म्हणजे काळं धरायचं ती मर्यादा) खालीवर करून बघितला, शेवटी तिनेच हसत विचारलं, "ताई, पुसू का?"