जांभळ्या कपड्यांतला जेसन

गॅसवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत काहीतरी शोधत बसलेल्या माणसाचं जे होतं, तेच ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ खेळणाऱ्याचं होतं. हात एकीकडे, जीव दुसरीकडे. १९८९ साली अमेरिकेत निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर आलेला हा गेम आजवर कित्येक ‘सर्वांत वाईट गेम’च्या याद्यांमध्ये जाऊन आला आहे, आणि तिथे तो उगाच गेलेला नाही. तरीही दर काही वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा लावून बसतं. वाईट गेम पुष्कळ असतात, पण वाईट असूनही डोक्यातून न जाणारे मोजकेच.

गेम बनवला जपानच्या अ‍ॅटलसने आणि विकला एलजेएन या अमेरिकन खेळणी कंपनीने. सिनेमाचे हक्क घ्यायचे, खोक्यावर ओळखीचा चेहरा छापायचा आणि आत काय आहे ते पोरं विकत घेतल्यावर बघतीलच, असा एलजेएनचा एकूण खाक्या. इथे तर चेहऱ्यातच गंमत आहे. गेम याच नावाच्या भयपटमालिकेवरचा, आणि जेसन हा तिचा गाजलेला खुनी. पण १९८०च्या पहिल्या सिनेमात खुनी जेसन नसून त्याची आई पामेला असते, आणि तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा जेसनच्या तोंडावर चढतो तो थेट १९८२च्या तिसऱ्या भागात. गेमने दोघांनाही घेतलं. आई गुहेत नुसतं तरंगतं मुंडकं होऊन बसली आहे आणि जेसन अंगभर जांभळे कपडे, तोंडावर फिकट निळसर मुखवटा घालून हिंडतो. एनईएसच्या रंगांच्या डब्यात हाताला लागले ते रंग, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण हा चुकलेला जेसनच पुढे लोकांना इतका आवडला की २०१३ साली याच रंगांत त्याची बाहुली निघाली आणि २०१७च्या नव्या गेममध्ये हा पोशाख मुद्दाम घालण्यात आला.

खेळ थोडक्यात असा. क्रिस्टल लेक या तळ्याच्या काठी मुलांचं उन्हाळी शिबीर भरलंय. मुलांना सांभाळणारे सहा ताई-दादा आहेत आणि आपण त्यांच्यातल्या एकेकाला चालवतो: मार्क, जॉर्ज, पॉल, लॉरा, डेबी, क्रिसी. पंधरा मुलं तळ्यातल्या केबिनमध्ये आहेत. जेसन कधी मुलांच्या केबिनवर, तर कधी एखाद्या ताई-दादाच्या केबिनवर हल्ला करतो. गजर वाजतो, उरलेला वेळ पडद्यावर उतरत्या क्रमाने दिसायला लागतो आणि तेवढ्यात तिथे पोचायचं. नाही पोचलो तर मुलांचा आकडा घसरतो किंवा सहातलं एक माणूस जातं. गेलेलं माणूस परत येत नाही. जेसनला तीन दिवसांत तीनदा हरवायचं, आणि दर दिवशी तो आधीपेक्षा चपळ नि चिवट झालेला असतो.

कागदावर ही कल्पना झकास आहे. १९८९च्या मानाने तर फारच. मारियोसारख्या गेममध्ये ‘लाइफ’, म्हणजे खेळायची उरलेली संधी, हा नुसता कोपऱ्यातला आकडा; इथे प्रत्येक लाइफला नाव आहे, धावण्याचा वेग आहे, उडीची उंची आहे. शिवाय संकट समोर न येता भलतीकडे कोसळतंय आणि आपण इथे अडकलोय, ही भीती भुताच्या दर्शनापेक्षा जास्त खरी. बिघडतं ते या कल्पनेच्या अंमलात.

पहिला घोळ वाटेचा. शिबिरातली मुख्य वाट तळ्याभोवती गोल फिरते, पण पडद्यावर ती सरळ डावी-उजवी दिसते. त्यामुळे नकाशाच्या एका अंगाला डावीकडे चालल्यावर आपला ठिपका डावीकडे सरकतो आणि पलीकडच्या अंगाला तोच ठिपका उजवीकडे पळतो. नवखा माणूस इथेच कंट्रोलर आपटतो. खरं तर यात चूक काहीच नाही. देवळाला प्रदक्षिणा घालताना देव सतत उजव्या हाताला असतो, पण गाभाऱ्यापुढून जाताना आणि मागून जाताना आपली दिशा उलटी असतेच की. डावं-उजवं विसरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि काट्यांच्या उलट, एवढाच विचार ठेवला की वाट सुधारते. गजर झाला की आधी दोन पावलं टाकायची, नकाशा उघडायचा, ठिपका कुठे सरकला ते बघायचं आणि मगच धावायचं. रानातल्या आणि गुहेतल्या वाटांना मात्र हा उपाय लागू नाही. तिथे दर वळण मागच्यासारखंच दिसतं.

का दिसतं? कॅसेटमध्ये जागाच नाही. प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट, चित्रांना ३२. मोबाइलवर आलेला ‘शुभ सकाळ’चा एखादा फोटोसुद्धा यापेक्षा जड असतो. एवढ्यात सहा माणसं, रान, तळं, गुहा आणि केबिनचं आतलं चित्र बसवायचं म्हणजे एकच भिंत पुन्हा पुन्हा वापरणं आलं. केबिनमध्ये शिरलं की आपण त्या माणसाच्या पाठीमागून बघतो आणि एकेका वळणाने खोली फिरते. रिकामी खोली, रिकामी खोली, आणि मग अचानक जेसन. ही एक जागा गेमला खरोखर साधली आहे.

दुसरा घोळ दगडांचा. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात दगडच असतात आणि दगड कमान करून जातो. अंगाशी आलेल्या लांडग्याच्या तो डोक्यावरून जातो, आणि लांडगा काही थांबत नाही. वाटेवर झोंबींची आवक कधी बंद होत नाही, त्यामुळे अंतर राखून मारायचं आणि सुरी मिळाली की लगेच घ्यायची. ती सरळ जाते. लायटर सापडला तर मोठ्या केबिनमधल्या सगळ्या शेकोट्या पेटवायच्या, म्हणजे मशाल मिळते. हे काम पहिल्याच दिवशी उरकावं, जेसन अजून मवाळ असतो तेव्हा. पळापळीला मार्क किंवा क्रिसी, दुसरं कोणी नको. जॉर्जला घेऊन गजराकडे धावणं म्हणजे लग्नाला निघून बारशाला पोचणं.

धावायचं तरी कशाला, हा कळीचा प्रश्न. छोट्या केबिनमध्ये शिरून माणूस बदलता येतं. गजर तळ्यापलीकडे वाजला आणि आपण रानाच्या तोंडाशी असलो, तर जवळची छोटी केबिन गाठायची आणि संकटाजवळ जो आहे त्याला हाताशी घ्यायचं. यासाठी आधी सहा जणांना वाटेवर विखरून ठेवावं लागतं. या एका युक्तीने अर्धा गेम सोपा होतो, आणि ती न कळल्यामुळे कित्येकांनी हा गेम पहिल्या दिवसाच्या पुढे कधी पाहिलाच नाही.

केबिनमधल्या झुंजीत मारण्याआधी चुकवायला शिकायचं. इथे टीव्हीचा संबंध येतो. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सतरा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. जुना डबा टीव्ही ते जवळपास लगेच दाखवतो. आजचा सपाट टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ पाच-सहा चित्रांइतका वेळ खातो आणि तोवर जेसनचा हात पडलेला असतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा. गेमला शिव्या देण्याआधी टीव्हीला द्यायच्या आहेत का, ते यातून कळतं.

आणि यंत्र खरं एनईएस असेल, तर लाल दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकणार हे गृहीत धरावं. कॅसेट मेली, असा त्याचा अर्थ नाही. कॅसेट अस्सल आहे का ते तपासणारी यंत्रातली कुलूप-चिप कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी बोलू पाहते. ७२ पिनांपैकी एखादी धड टेकली नाही की बोलणं तुटतं आणि चिप यंत्र परत परत रीसेट करते. फुंकर मारू नये. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात आणि ‘फुंकल्यावर चालली’ याचं श्रेय बहुतेक वेळा काढून पुन्हा घालण्याला असतं. ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरणीचा कापूस, पिना दोन्ही बाजूंनी पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. कॅसेट उघडायचीच असेल तर साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, गेमबिट नावाचा ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो.

आपल्याकडच्या ज्या घरांत नव्वदच्या दशकात ‘९९९९ इन १’च्या कॅसेटी चालल्या, तिथे जेसन क्वचितच पोचला असेल. ती यंत्रं फॅमिकॉमची, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाची नक्कल, ६० पिनांची. हा गेम जपानमध्ये निघालाच नाही, फक्त ७२ पिनांचा अमेरिकन आला. अडॅप्टर लावून तो घुसवता येतो. पण यंत्र ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६०ऐवजी ५० चित्रं दाखवणारं असेल तर सगळं सहाव्या हिश्शाने मंदावतं आणि जेसन जरा दमल्यासारखा वाटतो.

हरलो की गेम आडपडदा ठेवत नाही: तुम्ही आणि तुमचे मित्र मेले आहेत, गेम ओव्हर. तीनही दिवस जिंकलो तर विचारतो, जेसन खरंच मेला का? आणि उत्तर द्यायला नकार देतो. कॅसेटमध्ये बॅटरी नाही, म्हणून काहीच साठवलं जात नाही. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की पंधराच्या पंधरा मुलं तळ्यात सुखरूप, सहा ताई-दादा आपापल्या केबिनमध्ये, आणि हातात दगड.