साबुदाण्याचा डायपर आणि आजीचं लुगडं

मागच्या जुलैतली गोष्ट, लेक तेव्हा पाच महिन्यांची. रात्री दोनला बदललेला डायपर झोपेत कुठेतरी तिच्या दुपट्यात गुंडाळला गेला आणि सकाळी नवऱ्याने न बघता सगळं बोचकं मशीनमध्ये कोंबलं. तासाभराने झाकण उघडलं तर आत भिजवलेला साबुदाणा! झबल्यांना, टोपड्यांना, माझ्या कुर्त्याला, ड्रमच्या भोकाभोकात. आईला फोन केला तर ती हसतच सुटली, शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या मीठ टाक गं मूठभर. टाकलं, आणि खरंच तो सगळा गिचका पाणी सोडून आक्रसला.

तोवर मला वाटायचं की एवढं मऊ लागतंय म्हणजे कापूसच असणार. कसला कापूस. वरचा पापुद्रा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा, बाहेरचा न गळणारा थर पॉलिथिनचा, मधे लाकडाचा लगदा आणि ते साबुदाणे म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट, पाणी शोषून फुगणारं रसायन. म्हणजे लगदा सोडला तर कुजण्यासारखं काहीच नाही. दिवसाला सहा धरले तरी वर्षाचे २१९० होतात, आणि आतल्या शीसकट जातात कारण खरं सांगा, शी कमोडमध्ये झटकून मग डायपर टाकणारे किती जण आहेत, मी तरी नव्हते.

आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढत जा, नाहीतर आम्हाला कळत नाही आत काय ते, हात घातला की समजतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं म्हणे की डायपर गुंडाळायला पाउच बनवणाऱ्याने द्यायचा, मला तर एवढ्या पाकिटांत एकदाही मिळाला नाही. आणि पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी तर २०१३ मध्ये वापरलेली सॅनिटरी पॅडं पिशव्यांत भरून कंपन्यांना परत पाठवली होती, ते वाचल्यावर मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

मग कापडी सुरू केले. चार विकतचे, बाकी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोट. शंभरदा धुतलेलं लुगडं, त्याच्याइतकं मऊ बाजारात काही मिळत नाही. विकतच्याचं मात्र बघून घ्या, बाहेरचा थर प्लास्टिकचाच असतो आणि आतले पॅड बरेचदा पॉलिस्टरचे, फक्त ते शेकडो वेळा वापरता येतात एवढाच फरक.

"पण धुवायला पाणी, वीज लागतेच की" असं दीर म्हणाले, आणि ते चूक नाही. ब्रिटनच्या सरकारी अभ्यासात २००८ साली असंच निघालं होतं, अडीच वर्षांच्या वापराचा कार्बन हिशोब (म्हणजे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो तो) डिस्पोजेबलचा साधारण ५५० किलो आणि कापडीचा ५७०! म्हणजे गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवत बसलात तर काही वाचत नाही. पण मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं, दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तर ४० टक्के कमी होतं असंही त्यातच आहे. ब्रिटनच्याच २०२३ च्या नव्या हिशोबात तर कापडीचा कार्बन डिस्पोजेबलपेक्षा २५ टक्क्यांनी कमी. आता दोरी काय आपल्याकडे प्रत्येक गॅलरीत असतेच, ड्रायर माझ्या माहितीत कुणाकडेच नाही.

बाकी पावसाळ्यात रडकुंडीला येते मी, खोटं कशाला बोलू. पॅड दोन दोन दिवस दमट, कुबट वास, मग पंख्याखाली, मग इस्त्री. लुगड्याचे लंगोट तासाभरात वाळतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तेच. रात्री आणि प्रवासात अजूनही डिस्पोजेबलच लावते, सासूबाई म्हणतात एवढं कर्मठ होऊ नये, आणि मलाही झोप हवीच आहे.

आठवड्याला आता सात-आठ पुड्या निघतात, लाल ठिपक्याच्या. परवा ताईंनी डबा रिकामा करता करता विचारलं, "बाळाला गावाला पाठवलं का हो?" मी म्हटलं नाही हो, इथेच आहे, आणि वर गॅलरीकडे बोट केलं. आजीचं लुगडं वाळत होतं, सोळा तुकड्यांत.