तुम्ही विचारलंत म्हणून: टेबल नीट करताना माहिती उडते का?

"एक्सेलमध्ये टेबल नीटनेटकं करायला गेलं की माहिती उडते का हो?" सांगलीत हिशेबाच्या लोकांना कॉम्प्युटर शिकवायला लागल्यापासून मला हे सतत विचारतात. विचारणारे बहुतेक वयानं मोठे, उभा जन्म वहीवर काढलेले. त्यांची भीती मला पटते. वहीत खोडलेलंसुद्धा दिसतं. इथं काय गेलं ते कळतच नाही.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानातले दिवाणजी काका शिकायला यायचे. एकदा त्यांच्याकडून रकाना अरुंद झाला आणि सगळ्या रकमांच्या जागी ##### उमटलं. त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "गेलं बघ पोरी. सगळ्या पट्ट्या गेल्या." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब.

मी माऊस हातात घेतला नाही. त्यातल्या एका सेलवर, म्हणजे चौकोनावर, क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, एवढंच म्हटलं. रक्कम तिथं जशीच्या तशी होती. मग रकान्याच्या डोक्यावरच्या उजव्या रेघेवर दोनदा क्लिक केल्यावर खालीही सगळ्या परत दिसायला लागल्या. काका हरिपूरचे. तिथं हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, साठवायचे. म्हणाले, "म्हणजे पेवासारखं हाय. वरनं नुसती माती दिसती, हळद आत."

तेव्हापासून मीही असंच समजावते. रंग, रेघा, ठळक अक्षर, दशांश कमी-जास्त करणं, ही सगळी वरची माती. तारखेच्या जागी अचानक ४५३८३ दिसलं तरी घाबरू नका. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतो, त्या हिशेबानं तो १ एप्रिल २०२४ आहे. फॉरमॅट पुन्हा तारखेचा करा, झालं.

पण पेवात पाणीही शिरतं. २००५ च्या महापुरात हरिपूरनं ते पाहिलंय. टेबलात पाणी शिरण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या माहीत हव्यातच.

सगळ्यात वाईट जागा सॉर्टची, म्हणजे ओळींचा क्रम लावण्याची. काकांनी वहीच्या सवयीनं मधे एक रकाना मोकळा सोडला होता. अलीकडं शेतकऱ्यांची नावं आणि पोती, पलीकडं रकमा. नावांवर क्लिक करून त्यांनी सॉर्ट केलं. एक्सेल त्या मोकळ्या रकान्याशीच थांबला. नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या, कसलीही सूचना आली नाही. एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर! एकही आकडा गेला नव्हता, बेरीजही बरोबर येत होती, म्हणून तर हे लवकर लक्षात येत नाही. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा असा चुकीच्या ओळीत जाऊन बसला, तर त्याला तोंड काय दाखवायचं? तेव्हा मधे मोकळा रकाना ठेवूच नका. पहिला रकाना अनुक्रमांकाचा घ्या, म्हणजे मूळ क्रमावर परत येता येतं. मग कंट्रोल टी दाबून रीतसर टेबल करा. त्यानंतर टेबलातली अख्खी ओळ एकत्र हलते.

दुसरी जागा मर्ज. भरलेले सेल जोडले की डावीकडचा वरचा तेवढा राहतो, बाकीचे जातात. मथळ्यासाठी ठीक, हिशेबात नको. तिसरी, लांब आकडे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमका राहतो. १६ अंकी खातं क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो आणि नंतर फॉरमॅट टेक्स्टचा, म्हणजे अक्षरांचा, केला तरी परत येत नाही. सुरुवातीचं शून्यही असंच जातं. म्हणून रकाना आधी टेक्स्ट करायचा, आकडा मागाहून टाकायचा.

हे सगळं सांगून भीती जात नाही, करून जाते. म्हणून मी आधी सेव्ह ॲज करून नावापुढं तारीख घातलेली प्रत काढायला लावते. फाइल बंद केली की केलेलं मागं घेणारं कंट्रोल झेड मदतीला येत नाही, प्रत येते. मग म्हणते, आता ही प्रत मुद्दाम बिघडवा.

काकांनी दोन शेतकऱ्यांची नावं मर्ज केली. एक्सेलची सूचना आली, ती अक्षर अक्षर लावून वाचली, तरी ओके दाबलं. खालचं नाव गेलं. त्यांनी कंट्रोल झेड दाबलं. नाव परत आलं. काका खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "थांब, आणखी एकदा करतो."