मॉनिटर नोंदवहीत आहे, प्रोब कुठेच नाही

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशिक जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांत मागणीपत्रांचा हंगाम सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधील अमृतस्नानांच्या काळात किती खाटा वाढवाव्या लागतील, रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील तात्पुरत्या दवाखान्यांना किती मॉनिटर, किती सक्शन यंत्रे, किती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतील, याची चर्चा आता बैठकांमधून होत राहणार. चर्चा व्हायलाच हवी. मात्र नव्या यंत्रांचा आकडा ठरवण्याआधी जुन्यांपैकी किती यंत्रे रुग्णाच्या अंगाला लावण्याच्या स्थितीत आहेत हे कळायला हवे, आणि आपल्या नोंदवह्या ज्या पद्धतीने ठेवल्या जातात त्या पद्धतीत हे कळण्याची सोयच नाही, असे माझे मत होत चालले आहे.

रुग्णालयात येणारी वस्तू दोनपैकी एका वाटेने आत शिरते. वापरून संपणारी वस्तू, म्हणजे सिरिंज, आय.व्ही. सेट, कॅथेटर, हातमोजे, औषध भांडारात येते. तिचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख ई-औषधी प्रणालीत चढते आणि वाटप होईल तशी ती शिलकीतून वजा होते. टिकणारी वस्तू, म्हणजे मॉनिटर, नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचे यंत्र), जडसंग्रह म्हणजे डेड स्टॉक नोंदवहीत लिहिली जाते आणि वॉर्डच्या परिसेविकेच्या ताब्यात जाते. औषध निर्माण अधिकारी या नात्याने पहिली वाट माझ्या पायाखालची आहे. दुसरीशी माझा संबंध कमी येतो. अडचण मात्र या दोन वाटांच्या मधल्या पट्ट्यात आहे. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूची पातळी मोजणारा एसपीओटू प्रोब, बीपीचा कफ, ईसीजीची केबल, वॉर्मरचा स्किन प्रोब, सक्शनची बाटली, ऑटोक्लेव्हचे गॅस्केट, डिफिब्रिलेटरची बॅटरी या वस्तू हातमोज्यांसारख्या एका वापरात संपत नाहीत आणि यंत्राइतक्या टिकतही नाहीत. त्या यंत्राच्या खोक्यातून येतात, म्हणून त्यांची वेगळी नोंद होत नाही. आणि नोंद नाही म्हणून त्या संपल्याचे, तुटल्याचे किंवा हरवल्याचेही कुठे दिसत नाही.

जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी पाहिलेला मॉनिटर सांगतो. पडदा स्वच्छ होता, ईसीजीची रेघ नीट धावत होती, पण प्राणवायूच्या पातळीच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या. प्रोबची वायर बोटाच्या चिमट्यापाशी तुटलेली होती आणि तिच्यावर मायक्रोपोरची चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून तिचा छोटा गोळा झाला होता. सिस्टरांनी तो गोळा विशिष्ट कोनात दाबून धरला की आकडा उमटे, बोट सोडले की पुन्हा रेघा. नोंदवहीत या वॉर्डच्या पानावर ‘मॉनिटर, नग ५, चालू’ एवढेच लिहिलेले होते, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. पुढची गंमत अशी की रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीने आणलेले नवे प्रोब पाचपैकी दोनच मॉनिटरना बसले. पाच यंत्रे तीन वेगवेगळ्या खरेदींतून, तीन कंपन्यांकडून आलेली होती, आणि एका कंपनीच्या प्रोबची पिन दुसरीच्या यंत्रात जात नाही. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक यांची नोंद त्या पानावर असती, तर मागणी करणाऱ्याला हे आधीच दिसले असते.

ग्लुकोमीटरचे उदाहरण याहून बोलके आहे. मीटर स्वस्त असते, अनेकदा स्ट्रिपच्या खरेदीबरोबर विनामूल्य मिळते, आणि स्ट्रिप त्याच कंपनीची लागते. दरकरार संपून नव्या निविदेत दुसरा पुरवठादार आला की त्याच्या स्ट्रिप येतात आणि त्याच दिवशी जुनी सगळी मीटर निकामी होतात, जरी त्यांतल्या एकाही मीटरमध्ये बिघाड झालेला नसला तरी. नव्या पुरवठादाराने मीटर पुरेशी दिली नाहीत तर भांडारात स्ट्रिपचे खोके, वॉर्डात जुनी मीटर, आणि मधुमेही रुग्णाची साखर मात्र प्रयोगशाळेत नमुना पाठवून तपासायची, अशी अवस्था होते. स्ट्रिपची मुदत संपत असते आणि डबी उघडल्यावर ती आणखी आखडते. रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटरचेही असेच, कारण अनेक मॉडेलमध्ये त्याच कंपनीचे रिएजंट, म्हणजे तपासणीचे रसायन, लागते. अशा वस्तूंच्या निविदेत यंत्राची किंमत दुय्यम असते. पाच वर्षांत एका तपासणीमागे किती पैसे पडतील, हा मुख्य आकडा हवा.

कायद्याने ही फट केव्हाच बुजवलेली आहे, हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि उपकरणांचे जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग पडले: जीभ दाबण्याची पट्टी अ वर्गात, इंजेक्शनची सुई ब वर्गात, व्हेंटिलेटर क वर्गात, हृदयाची कृत्रिम झडप ड वर्गात. पुढे फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली ‘औषध’ ठरली, आणि त्या व्याख्येत उपकरणाला जोडून वापरायच्या ॲक्सेसरीचा स्पष्ट उल्लेख आहे. अ आणि ब वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धत आली. म्हणजे कायद्याच्या लेखी तो तुटका प्रोब स्वतंत्र ओळख असलेली वस्तू आहे. आपल्या नोंदवहीच्या लेखी तो मॉनिटरच्या खोक्यातला चिल्लर माल आहे. माल स्वीकारताना गोळ्यांच्या पाकिटावरचा परवाना क्रमांक आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. प्रोबच्या किंवा कफच्या पाकिटावरचा किती जण पाहतात?

नावांचा गोंधळ हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. एकाच यंत्राला एका रुग्णालयाच्या यादीत ‘मल्टिपॅरा मॉनिटर’, दुसरीकडे ‘पेशंट मॉनिटर’, तिसरीकडे ‘कार्डियाक मॉनिटर’ आणि क्वचित कुठे ‘बेडसाइड टीव्ही मॉनिटर’ असेही लिहिलेले आढळते. या याद्या जिल्हा पातळीवर एकत्र केल्या तर बेरीज चुकते, आणि सुरगाण्याला जास्तीचे असलेले यंत्र पेठला कमी असल्याचे कागदावर कुणालाही ओळखता येत नाही. हा काही आपलाच दोष नाही. जगभर हीच तक्रार असल्यामुळे जीएमडीएन नावाची पद्धत उपकरणांच्या प्रत्येक प्रकाराला पाच अंकी क्रमांक देते, युरोपने स्वतःची ईएमडीएन पद्धत स्वीकारली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ‘मेडेव्हिस’ हा खुला संग्रह उपलब्ध करून दिला, ज्यात उपकरणांचे २,३०१ प्रकार त्यांच्या नावांसह मांडलेले आहेत. कोणती पद्धत घ्यायची यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. जिल्ह्यापुरते तरी एका वस्तूला एकच नाव आणि एकच क्रमांक असावा, एवढे माझ्यासारख्याला पुरे.

यंत्रांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये बायोमेडिकल उपकरण देखभाल कार्यक्रम आणला. त्याआधी राज्याराज्यांत जी मोजणी झाली, तिच्यात २९,११५ आरोग्य संस्थांमधील ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली, त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती, आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील यंत्रे वर्षातील ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रातील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ चालू राहिली पाहिजेत, अशी अपेक्षा घातलेली आहे. ही टक्केवारी तक्रार नोंदवल्याच्या वेळेपासून मोजली जाते. त्यामुळे यंत्राला चिकटवलेला बारकोड पाहून कुणी फोनच केला नाही, तर कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेले यंत्र कागदोपत्री शंभर टक्के चालू राहते. वॉर्डातल्या सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्रपाळीत तीस-चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्या बाईंनी शेजारच्या वॉर्डातून प्रोब उसना आणला आणि वेळ मारून नेली, तर त्यांनी रुग्णाच्या बाजूने योग्य तेच केले. फक्त त्या उसनवारीची कुठे नोंद उरत नाही.

नीट ठेवलेली यादी कशी असते हे पाहायला लांब जावे लागत नाही. त्याच रुग्णालयातील सोनोग्राफी कक्षात जावे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे तिथल्या प्रत्येक यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि जागा नोंदणीत असते आणि जागा किंवा यंत्र बदलायचे तर समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावे लागते. क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. जिथे धाक आहे तिथे आपले कर्मचारी काटेकोर नोंद ठेवतात, याचा अर्थ हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

खरेदीच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरेच लिहून झालेले आहे. राज्यातील औषधे आणि उपकरणांची खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या शासकीय महामंडळाकडे गेली, आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र खरेदी प्राधिकरण झाले. शिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी, महापालिकेचा निधी, देणगीदारांनी दिलेली यंत्रे असे वेगळे प्रवाह आहेतच. मार्चअखेर निधी खर्ची टाकण्याच्या घाईत यंत्र आधी येते आणि त्याला लागणारी थ्री फेज जोडणी, अर्थिंग, कधी कधी तर पुरेसा रुंद दरवाजा नंतर होतो. निविदेत वॉरंटी कार्यान्वयनाच्या दिवसापासून धरलेली नसेल, तर ती खोके न उघडताच झिजायला लागते.

नाशिक शहरात आणखी एक गुंता आहे. जिल्हा रुग्णालय आणि संदर्भ सेवा रुग्णालय राज्य शासनाचे, बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन रुग्णालये महापालिकेची, तर खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. रुग्ण मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. या तिन्ही मालकांच्या याद्या वेगळ्या असल्यामुळे द्वारकेजवळच्या रुग्णालयात पडून असलेली वस्तू त्र्यंबक रस्त्यावर हवी असेल, तर आधी ती तिथे आहे हे ओळखीतूनच कळावे लागते. शिवाय झाकीर हुसेन रुग्णालयातील २१ एप्रिल २०२१ च्या प्राणवायू गळतीनंतर टाकी, झडप आणि वाहिनी यांनाही यंत्राइतकीच देखभाल लागते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको, तरी उपकरणांच्या यादीत त्यांना मॉनिटरइतकी ठळक जागा मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे.

यादी प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहण्याचा खरा प्रसंग वर्षातून एकदाच येतो, तो म्हणजे बदलीनंतरचा कार्यभार. जाणारा मोकळा व्हायला अधीर असतो, येणारा मात्र एकेक नग मोजून घेतो, कारण कमी भरले तर वसुली त्याच्या पगारातून होईल याची त्याला धास्ती असते. या मोजणीत निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी होण्याच्या, प्रतीक्षेत वर्षानुवर्षे पडलेली यंत्रेही मोजली जातात, कारण समितीची बैठक होऊन ती कमी होईपर्यंत ती ‘शिल्लक’च असतात. मोजणी नगांची होते; यंत्र रुग्णाला लागते का, याची होत नाही. या कार्यभार यादीत दोन रकाने वाढवावेत, असा प्रस्ताव मी आमच्या कार्यालयात दिला आहे. पहिल्या रकान्यात यंत्र ‘सर्व जोडभागांसह चालू’, ‘जोडभागाअभावी बंद’ की ‘दुरुस्तीअभावी बंद’, यांपैकी एक नोंद. दुसऱ्यात त्या मॉडेलला लागणाऱ्या जोडभागांची आणि स्ट्रिप-रिएजंटची नावे, म्हणजे ती नावे ई-औषधीतील मागणीशी जोडता येतील. ‘जोडभागाअभावी बंद’ या नोंदींची बेरीज तालुक्यागणिक हाती आली, तर सिंहस्थाच्या मागणीपत्रातील किती मॉनिटर खरोखर नवे घ्यावे लागतील आणि किती जागी फक्त योग्य पिनचे प्रोब पुरतील, हे निविदा निघण्याआधीच सांगता येईल. प्रस्तावावर अजून शेरा आलेला नाही.